फाऊल चारचा, फटका चाळीसचा

स्नूकरचा सामना पहिल्यांदा पाहणारा एका जागी हमखास गोंधळतो. एक खेळाडू पांढरा चेंडू मारतो, तो लाल चेंडूला केसभराने हुकवून निघून जातो, पंच ‘फाऊल अँड अ मिस’ म्हणतो आणि समोरच्याच्या खात्यात चार गुण जमा होतात. चारच. ज्या खेळात एका दमात शंभरावर गुण करता येतात, तिथे चार गुणांनी काय बिघडणार? पण चूक करणाऱ्याचा चेहरा पाहिलात तर फ्रेम (सामन्यातला एक डाव) हातची गेल्यासारखा असतो, आणि बऱ्याचदा ती गेलेलीच असते.

गोल्फमध्येही वरवर तसंच. चेंडू पाण्यात गेला की एका फटक्याची पेनल्टी. सत्तरेक फटक्यांच्या खेळात एक फटका म्हणजे किती? तरी त्या एका पेनल्टीपासून सुरू झालेली घसरण दोन-तीन फटके खाऊन मगच थांबते.

या दोन्ही खेळांची नियमपुस्तकं जाड आहेत आणि ती आकड्यांनी भरलेली दिसतात, म्हणून नवखा माणूस आकडेच पाठ करायला लागतो. पण शिक्षेत आकड्यापेक्षा मोठं काही असतं, ते म्हणजे यानंतरचा फटका कोण मारणार आणि कुठून मारणार. हा एक प्रश्न हाताशी धरला की बरेचसे नियम आपोआप जागेवर बसतात.

स्नूकर: गुण समोरच्याला, पण तेवढंच नाही

आधी हिशेब उरकू. टेबलावर १५ लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे २२ चेंडू. लाल १ गुणाचा, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल असा क्रम. रंगीत चेंडू पॉट झाला, म्हणजे पॉकेटात गेला, की तो आपल्या जागेवर परत येतो, लाल येत नाही. लाल संपले की उरलेले सहा रंगीत चढत्या क्रमाने. प्रत्येक लालवर काळा घेतला तर १५ गुणिले ८ म्हणजे १२०, वर शेवटच्या सहांचे २७, झाले १४७.

फाऊलचे गुण ठरवायची रीत सोपी आहे. जो चेंडू मारायचा होता त्याची किंमत आणि त्या फाऊलमध्ये गुंतलेल्या चेंडूंची किंमत यांतली जी सर्वांत मोठी, ती घ्यायची. ती चारपेक्षा कमी भरली तर चार. म्हणून दंड चार ते सात यांच्या बाहेर कधी जात नाही. लाल मारायचा होता आणि कशालाच लागला नाही, तर ४. लालच्या आधी निळ्याला लागला, ५. लाल पॉट केला पण त्याच फटक्यात काळाही पॉकेटात गेला, ७. गुलाबी घोषित केला होता आणि आधी पिवळ्याला लागला, तर गुलाबीचे ६. त्या फटक्यात मिळालेले गुण बाद होतात, आधी जमवलेले राहतात, आणि फाऊलमध्ये पॉट झालेला लाल परत येत नाही. तो गेला तो गेला. आघाडीवर असलेल्याला हे कधीकधी सोयीचंच पडतं, कारण समोरच्यासाठी टेबलावरचे गुण तेवढे कमी होतात.

सात गुणांचे काही फाऊल निव्वळ धांदरटपणाचे असतात. लाल पॉट केला, पुढचा रंग अजून ठरवलेला नाही, टेबलावर वाकताना क्यू, म्हणजे खेळायची काठी, पांढऱ्याला नुसता टेकला, तर ७, कारण पुढचा रंग कोणता असता हे कोणालाच ठाऊक नाही, मग सर्वांत महागडा धरला जातो. लाल पॉट केल्यावर रंग विसरून पुन्हा लाल मारला, ७. पांढऱ्याऐवजी दुसरा चेंडू क्यूने मारला, ७. चेंडू फटीतून जाईल का हे एखादी वस्तू लावून मोजलं, तरीही ७. बाकी बाही चेंडूला लागणं, फटका मारताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलले जाणं, आधीचे चेंडू थांबायच्या आत मारणं, चेंडू टेबलाबाहेर उडवणं हे सगळे फाऊलच, पण त्यांना वरचीच रीत लागते.

आता खरी शिक्षा. फाऊल झाल्यावर समोरच्याला चार-पाच गुण मिळतात आणि त्याखेरीज निवडीचा हक्क मिळतो. चेंडू थांबले आहेत तिथून तो स्वतः खेळू शकतो. स्थिती वाईट असेल तर ‘तूच खेळ’ म्हणून चूक करणाऱ्याला परत टेबलाजवळ बोलावू शकतो. पांढरा पॉकेटात गेला असेल, म्हणजे इन-ऑफ झाला असेल, तर तो अर्धवर्तुळाकार ‘डी’मध्ये हवा तिथे ठेवता येतो. डीची त्रिज्या साडेअकरा इंच आहे. तेवढ्या मोकळिकीत चांगल्या खेळाडूला एखादा लाल हमखास दिसतो, मग चाराचे चाळीस आणि चाळीसाचे सत्तर व्हायला वेळ लागत नाही.

जाता जाता एक गंमत. हाच इन-ऑफ बिलियर्ड्समध्ये गुण मिळवून देतो. तिथे लालला लागून पांढरा पॉकेटात गेला तर ३, समोरच्याच्या चेंडूला लागून गेला तर २. टेबल तेच, क्यू तोच, फटकाही तोच.

मिस: तीच परीक्षा पुन्हा

स्नूकरमधला सर्वांत गैरसमज झालेला नियम हाच. नियम म्हणतो की खेळाडूने योग्य चेंडूला लागण्याचा आपल्या कुवतीनुसार पूर्ण प्रयत्न केला पाहिजे. पंचाला तसं वाटलं नाही तर तो फाऊलसोबत ‘मिस’ही देतो. मग समोरच्याला तिसरा पर्याय मिळतो. सगळे चेंडू होते तिथे परत ठेवून घ्यायचे आणि त्याच खेळाडूला तोच फटका पुन्हा मारायला लावायचा.

हा नियम कशासाठी? समजा मी तुम्हाला पक्कं अडकवलं आहे, म्हणजे योग्य चेंडूकडे जायचा सरळ रस्ता दुसऱ्या चेंडूने झाकला आहे. यालाच स्नूकर म्हणतात. दोन कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांवरून, जाऊन लालला लागायचा रस्ता आहे, पण तिथे जोरात लागलं तर लाल फुटून माझ्यासाठी पंगत मांडली जाईल. तुम्ही हुशारीने हळूच मारता, पांढरा लालच्या अलीकडे थांबतो, तुमचे चार गुण जातात पण मला त्यापलीकडे काही मिळत नाही. मिसचा नियम नसता तर चार गुण ही सुटकेची स्वस्त किंमत ठरली असती. मिसमुळे तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहता, पुन्हा चार जातात, पुन्हा तिथेच. एका स्नूकरमधून पाच वेळा सुटायला चुकलं की वीस गुण गेले आणि टेबल जसंच्या तसं.

वरच्या पातळीवर पंच मिस जवळपास दर वेळी देतात, कारण अशा खेळाडूंची कुवत मोठी मानली जाते. नवख्याला तोच फटका साधला नाही तर पंच सहज सोडून देऊ शकतो. पण एक मोठा अपवाद आहे. फटक्याच्या आधी किंवा त्या फाऊलमुळे दोघांपैकी कोणाला ‘स्नूकर लागत’ असतील, म्हणजे टेबलावरचे सगळे गुण घेऊनही बरोबरी होत नसेल, तर चूक मुद्दाम केलेली नसल्यास मिस दिला जात नाही. हा हिशेब मनात करता आला पाहिजे: उरलेले लाल गुणिले ८, अधिक २७. दोन लाल उरले असतील तर ४३. समोरचा ४४ ने पुढे असेल तर त्याच्याकडून निदान एक फाऊल काढल्याशिवाय तुमचं भागत नाही.

दुसरा कडक भाग सरळ रस्त्याचा. योग्य चेंडू समोर पूर्ण दिसतो आहे, मधोमध मारता येईल असा मोकळा मार्ग आहे, तरीही तुम्ही पातळ कट, म्हणजे कडेला निसटता फटका, मारायला गेलात आणि हुकलात. मिस मिळाला, चेंडू परत ठेवले, पुन्हा हुकलात. आता पंच ताकीद देतो. तिसऱ्यांदा तिथूनच हुकलात तर गुण मोजत बसायचं कारण नाही, फ्रेम समोरच्याची. या वेळी शहाणा खेळाडू नाजूक कट सोडून चेंडूच्या पोटात मारतो, निदान फ्रेम तरी हातात राहते.

फ्री बॉल: अर्धा दिसला तरी अडकलेलाच

फाऊलनंतर पुढच्या खेळाडूला पांढऱ्यापासून योग्य चेंडू पूर्ण मारता येत नसेल, तर पंच ‘फ्री बॉल’ म्हणतो. ‘पूर्ण’ या शब्दाला इथे नेमका अर्थ आहे. चेंडूच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही टोकांच्या कडा सरळ मार्गाने मारता आल्या पाहिजेत. पाऊण चेंडू दिसतो आहे आणि एका बाजूची कडा झाकली आहे, तरी तो अडकलेलाच. मात्र लाल अनेक असतील आणि त्यांतल्या एकाच्याही दोन्ही कडा मोकळ्या असतील, तर फ्री बॉल नाही.

फ्री बॉल मिळाला की कोणताही चेंडू घोषित करून तो योग्य चेंडू असल्यासारखा मारायचा. लालची पाळी असेल तर हिरवा घोषित करून पॉट केला की एकच गुण, मग हिरवा परत जागेवर आणि पुढे नेहमीप्रमाणे रंग. म्हणजे जणू सोळावा लाल मिळाला. १५ लाल शाबूत असताना हे घडलं तर १४७ च्या वर जाऊन १५५ पर्यंत मजल कागदावर शक्य आहे. जेमी बर्नेटने २००४ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत १४८ ची खेळी केली ती फ्री बॉलच्याच जोरावर.

यात एक सापळा आहे. फ्री बॉल मिळाला म्हणून जवळचा रंगीत घोषित केला आणि पांढरा अलगद त्याच्या मागे नेऊन लपवला, तर तो फाऊल. घोषित केलेल्या चेंडूमागे समोरच्याला अडकवता येत नाही. टेबलावर फक्त गुलाबी आणि काळा उरले असतील तेव्हाच ही सूट.

जे फटके फाऊलच्या काठावर असतात

नवख्यांचे बरेचसे फाऊल पांढरा आणि लक्ष्याचा चेंडू एकमेकांच्या अगदी जवळ असताना होतात. दोन्ही चेंडू चिकटलेले असतील तर पंच ‘टचिंग बॉल’ म्हणतो, आणि मग गोष्ट उलट सोपी होते. चिकटलेला चेंडू हलू न देता पांढरा दूर मारायचा. तो चेंडू योग्यच असेल तर तुम्ही त्याला लागलात असं धरलं जातं, दुसऱ्या कशाला लागायची गरज नाही. सुरक्षित खेळायची इतकी फुकटची संधी क्वचित मिळते.

पण मध्ये एक-दोन मिलिमीटर जागा असेल तर खरी पंचाईत. सरळ मारलंत तर पांढरा पुढच्या चेंडूला लागतो तेव्हा टिप (क्यूचं टोक) अजून पांढऱ्याला टेकलेलीच असते. हा पुश, म्हणजे फाऊल. किंवा पांढरा आदळून थबकतो आणि पुढे येणारी टिप त्याला दुसऱ्यांदा लागते, तोही फाऊल. उपाय दोन: चेंडूच्या अगदी कडेला पातळ लागेल अशी दिशा धरायची, तिथे नियमही सूट देतो, नाहीतर क्यूची मागची बाजू उचलून छोटा, टोचल्यासारखा फटका मारायचा आणि टिप तिथेच थांबवायची. क्यू सवयीने पुढे गेला की घात झाला.

स्नूकरमध्ये पांढरा दुसऱ्या चेंडूवरून उडवणं फाऊल आहे. वळवून बाजूने नेणं चालतं, त्याला स्वर्व्ह म्हणतात. क्यू मागून उचलायचा, पांढऱ्याच्या बाजूला वरून खाली मारायचं. चेंडू आधी जरा बाहेर जातो, मग कापड पकडून आत वळतो. जोरात मारला तर वळायला वेळच मिळत नाही, तो सरळच निघून जातो आणि वळतो तेव्हा लक्ष्य मागे पडलेलं असतं. स्वर्व्ह फसण्याचं पहिलं कारण हेच.

कुशनवरून सुटताना आरशाचा नियम आठवायचा, ज्या कोनात गेला त्याच कोनात परत. पण तो नियम मध्यम वेगाचा आहे. वेग वाढला की चेंडू कुशनमध्ये रुततो आणि अपेक्षेपेक्षा सरळ परत येतो. साइड, म्हणजे बाजूची फिरक, दिली तर कोन उघडतो किंवा मिटतो. म्हणून मिस मिळून तोच फटका पुन्हा मारायचा असेल तेव्हा जाणते खेळाडू एका वेळी एकच गोष्ट बदलतात. वेग तोच ठेवून नेम सरकवायचा. दोन्ही बदलले तर आधीच्या चुकीतून काही शिकायलाच मिळत नाही.

इन-ऑफची भूमितीही समजून घेण्यासारखी आहे. पांढरा दुसऱ्या चेंडूला लागतो त्या क्षणी तो नुसता सरकत असेल, पुढे किंवा मागे फिरत नसेल, तर आदळल्यावर तो त्या चेंडूच्या मार्गाशी जवळपास काटकोनात निघतो. हा स्टन. पुढे फिरत असेल तर काटकोनाच्या पुढे झुकतो, मागे फिरत असेल तर उलट मागे येतो, तो स्क्रू. फटका मारण्याआधी ती काटकोनाची रेषा मनात ओढून पाहायची. ती थेट पॉकेटाकडे जात असेल तर थोडा स्क्रू किंवा थोडी पुढची फिरक द्यायची, रेषा आपोआप सरकते. लांबून मारताना आणखी एक भानगड असते: कापडाच्या घर्षणाने उलटी फिरक वाटेतच संपते. जवळून मधोमध मारून मिळणारा स्टन लांबून हवा असेल तर बराच खाली मारावा लागतो, नाहीतर पांढरा वाटेतच लोळायला लागतो आणि पॉट झालेल्या चेंडूच्या मागोमाग स्वतःही पॉकेटात उतरतो.

पूलमध्ये हीच कल्पना टोकाला नेली आहे. नाइन-बॉलमध्ये फाऊलचे गुण नसतातच. समोरच्याला पांढरा हातात मिळतो आणि टेबलावर कुठेही ठेवता येतो, डीची अट नाही. शिवाय तिथे एक फाऊल स्नूकरवाल्यांच्या लक्षातच येत नाही: योग्य चेंडूला लागल्यानंतर कोणतातरी चेंडू पॉकेटात तरी गेला पाहिजे किंवा एखाद्या कुशनला तरी लागला पाहिजे. स्नूकरमधला अलगद टेकवून ठेवण्याचा फटका इथे फाऊल. पांढरा उडवायला मात्र पूलमध्ये मोकळीक आहे, अट एवढीच की वरून खाली मारून उडवायचा, खालून टिप घुसवून उचलायचा नाही. लागोपाठ तीन डावांत तीन फाऊल, दुसऱ्यानंतर ताकीद मिळालेली असताना, की रॅक, म्हणजे तो डाव, गेला.

गोल्फ: इथे दंड स्वतःच्याच खात्यात

गोल्फमध्ये समोरच्याला काही मिळत नाही, तुमचीच बेरीज वाढते. नियमांत तीन पायऱ्या आहेत: एका फटक्याची पेनल्टी, दोन फटक्यांची (ही सर्वसाधारण पेनल्टी, होलनिहाय लढतीत त्याऐवजी ते होल गमावायचं) आणि बाद होणं. ढोबळमानाने, चेंडू अडचणीत गेला आणि तुम्ही नियमाने बाहेर काढलात तर एक. नियम मोडून खेळलात, जसं दुसऱ्याचा चेंडू मारला किंवा चुकीच्या जागेवरून मारला, तर दोन.

सर्वांत महाग पेनल्टी कागदावर एकाच फटक्याची आहे. चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा हरवला, तर एक फटका वाढवून जिथून मारला होता तिथूनच पुन्हा मारायचं. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला पहिला फटका हद्दीबाहेर गेला: तो एक, पेनल्टीचा एक, आणि आता त्याच टीवर उभे राहून तुम्ही तिसरा मारता. दोनशे मीटरचं अंतरही गेलं. मैदानावरच्या वह्यांत सात-आठचे आकडे बहुतेक इथूनच येतात.

शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच मिळत. चेंडू हरवला असावा असं वाटलं तर पुढे जाण्याआधीच दुसरा चेंडू मारून ठेवायचा, आणि मारताना तो ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता, आहे हे स्पष्ट बोलायचं. ‘आणखी एक मारतो’ एवढं पुटपुटून चालत नाही. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो, पहिला फेअरवेच्या (नीट कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध सापडला तरी उपयोग शून्य. उलट, पहिला चेंडू तीन मिनिटांत हद्दीच्या आत सापडला तर प्रोव्हिजनल उचलावाच लागतो, तो कितीही छान पडलेला असो. चेंडू पाण्याच्या हद्दीत गेला हे माहीतच असेल तर प्रोव्हिजनल मारता येत नाही.

पाणी, ओढे, दाट झाडी अशा भागांना आता पेनल्टी एरिया म्हणतात. पिवळ्या खुणा असतील तर दोन वाटा: मूळ जागेवरून पुन्हा मारा, किंवा चेंडू त्या भागाची कड शेवटची जिथे ओलांडून आत गेला तो बिंदू आणि होल यांना जोडणारी रेषा मागे वाढवून तिच्यावर हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप घ्या, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडा. लाल खुणा असतील तर तिसरी वाट, त्या कडेच्या बिंदूपासून दोन क्लबच्या (गोल्फच्या काठ्यांच्या) अंतरात, होलच्या जवळ न जाता. सगळ्यांना एकच फटका. आणि चौथी वाट फुकटची: आत जाऊन आहे तसा मारा. लोक चुकतात ते बिंदू ठरवताना. पाण्याचा शिंतोडा उडाला ती जागा महत्त्वाची नसते, कड ओलांडली ती जागा महत्त्वाची. ओढा आडवा असेल तर एक वेळ फरक कळत नाही, पण बाजूने लांबवर जाणारं तळं असेल तर दोन्हींत पन्नास-साठ मीटरचं अंतर पडू शकतं.

१९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नुस्टीच्या शेवटच्या होलवर जाँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत होल संपवलं तरी जेतेपद त्याचं. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून दाट गवतात आला, तिसरा ओढ्यात. तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, पाहिलं, आणि मग पेनल्टी घेऊन ड्रॉप घेतला. ती पेनल्टी चौथी. ड्रॉप पुन्हा गवतातच होता, तिथून पाचवा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. सातव्यात होल संपलं आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. पेनल्टीचा फटका एकच होता. बाकीचं सगळं ड्रॉप कुठून घ्यावा लागला यातून आलं.

ड्रॉप घ्यायची रीत २०१९ मध्ये बदलली. आता गुडघ्याच्या उंचीवरून, सरळ खाली. सवयीने खांद्यावरून टाकला तर मारण्याआधी चूक सुधारून पुन्हा टाकता येतो, काही दंड नाही. तसाच मारला तर दंड. चेंडू ठरलेल्या क्षेत्राबाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप, पुन्हा घरंगळला तर दुसऱ्या वेळी जमिनीला जिथे टेकला तिथे हाताने ठेवायचा. अंतर मोजताना पटर (होलजवळ चेंडू हळू लोटायचा क्लब) सोडून बॅगेतला सर्वांत लांब क्लब.

चेंडू झुडपात किंवा मुळांत रुतला तर तो ‘खेळता न येण्याजोगा’ म्हणून घोषित करायचा हक्क फक्त खेळाडूचा, आणि पेनल्टी एरिया सोडून कुठेही. एक फटका देऊन तीन वाटा: मूळ जागा, होलपासून मागची रेषा, किंवा दोन क्लबचं अंतर. निवडण्याआधी दोन क्लब प्रत्यक्ष जमिनीवर मोजून पाहावेत. बऱ्याचदा दोन क्लब मोजूनही चेंडू झाडीतच पडतो, आणि मग फटकाही गेला नि जागाही नाही मिळाली.

बंकरची गंमत वेगळी. वाळूत चेंडू असताना हाताने किंवा क्लबने वाळू चाचपणं, सरावाचा फटका वाळूला लावणं, चेंडूच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवणं, मागे नेताना वाळूला स्पर्श, सगळ्याला दोन फटके. कारण फटक्याच्या स्वरूपातच आहे. ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळच्या) बंकरमधून क्लब चेंडूला मारायचाच नसतो. तो चेंडूच्या चार-पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरवायचा, वाळूचा थर चेंडूला उचलून बाहेर टाकतो. म्हणजे वाळू मऊ आहे की घट्ट, खोल किती, हेच खरं गुपित, आणि ते आधी चाचपून बघू द्यायचं नाही. पाय रोवताना बुटाखाली जे कळतं तेवढं मात्र तुमचं, त्याला बंदी नाही. घट्ट वाळूत क्लबचा तळ उसळून थेट चेंडूच्या पोटात बसतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे. मऊ वाळूत क्लब रुतून बसतो आणि चेंडू जागेवरच. सुटणारच नाही असं वाटलं तर दोन फटके देऊन बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेवर, ड्रॉप घेता येतो. ही सोय २०१९ पासूनची.

त्याच वर्षी काही जाच कमीही झाले. एकाच झटक्यात चेंडूला क्लब चुकून दोनदा लागला तर आता पेनल्टी नाही. ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर परत ठेवायचा, दंड नाही. इतरत्र मात्र तुमच्यामुळे हलला तर एक फटका आणि परत ठेवायचा. झेंडा तसाच ठेवून पट मारला आणि त्याला चेंडू लागला तरी चालतं. ग्रीनवरून मारलेला चेंडू ग्रीनवरच थांबलेल्या दुसऱ्या चेंडूला लागला तर मात्र दोन फटके, म्हणून समोरच्याला आधी खूण करून चेंडू उचलायला सांगायचं.

बॅगेत १४ क्लबांची मर्यादा. जास्तीचा निघाला तर तो जिथे-जिथे बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन, पण फेरीत जास्तीत जास्त चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूस्नमने शेवटच्या फेरीच्या पहिल्या होलवर बर्डी घेतली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी लावला, आणि दुसऱ्या टीवर कळलं की बॅगेत पंधरावा क्लब आहे. बर्डीचा फायदा गेला आणि वर एक फटका जास्तीचा लागला. पहिल्या टीवर पाऊल ठेवण्याआधी क्लब मोजायला अर्धं मिनिटही लागत नाही.

गोल्फमध्ये प्रत्येकामागे पंच नसतो, त्यामुळे बहुतेक दंड खेळाडूने स्वतःच स्वतःला लावायचे असतात. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने गवतातला आपला चेंडू किंचित हलला म्हणून स्वतःवर एक फटका लावून घेतला. दुसऱ्या कोणी तो पाहिला नव्हता. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला.

शेवटचा धोका मैदानावर नसतोच, टेबलावर पेन्सिल घेऊन बसलेला असतो. कार्डावर प्रत्येक होलचा आकडा बरोबर आहे याची जबाबदारी खेळाडूची. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर बाद, स्वतःला ठाऊकच नसलेली पेनल्टी राहून गेली असेल तरच ती नुसती जोडली जाते. आणि जास्त आकड्यावर सही केली तर तोच जास्तीचा आकडा कायम. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबेर्तो दे व्हिसेन्झोने सतराव्या होलवर तीन फटके मारले होते. त्याचं कार्ड लिहिणाऱ्याने चार लिहिले, आणि त्याने न तपासता सही केली. ६५ चे ६६ झाले. बॉब गोल्बीशी बरोबरी व्हायची ती एका फटक्याने हुकली, आणि प्लेऑफ झालाच नाही.